खुर्ची पाठवण्याबाबत

३ जानेवारी

वन्सं,

नमस्कार. तुमचा निरोप मिळाला. बाबांची खुर्ची तुमच्याकडे पाठवायची आहे, हे माझ्या लक्षात आहे. हे असते तर यांनीच पाठवली असती असं लिहिणार होते, पण हे असताना तीन वर्षांत ती गेली नाही. "खुर्ची येईल तेव्हाच मी तुझ्या दारात पाऊल टाकीन," असं तुम्ही यांना फोनवर म्हणाला होतात. तुम्ही शब्दाच्या पक्क्या. यांना नेलं त्या दिवशीही तुम्ही फाटकाबाहेर उभ्या राहिलात. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

खुर्ची गॅलरीत आहे, वर चादर घातलेली. या आठवड्यात सामान नेणारा माणूस बघते आणि रवाना करते.

मी बरी आहे. स्वयंपाक अजून दोघांचा होतो, त्यामुळे एक दिवसाआडच करावा लागतो. सोयीचं आहे.

यांच्या मागे आणखी एक काम राहिलं आहे. रेल्वे संग्रहालयाच्या शेडची किल्ली यांच्याकडे असायची. निवृत्त झाल्यापासून हे तिथे जाऊन जुने डबे दुरुस्त करायचे, ते तुम्हाला माहीत आहेच. तुम्ही त्याला भंगारात जाणं म्हणायचात. तिथल्या डॉक्टरांचा काल फोन आला. म्हणाले, "वहिनी, घाई अजिबात नाही, पण दुसरी किल्ली आतच राहिली आहे. आम्ही सध्या खिडकीतून ये-जा करतो. जजसाहेब मात्र खिडकीत मावत नाहीत, ते बाहेरूनच सूचना देतात."

उद्या किल्ली देऊन येते. मग खुर्चीचं बघते.

तुमची भावजय


२० जानेवारी

वन्सं,

खुर्ची पाठवायला थोडा उशीर होतो आहे. सामान नेणारा माणूस मिळाला नाही. म्हणजे एक मिळाला होता, पण त्याला परत पाठवलं. खुर्चीचं एक पाहायचं आहे. ते झालं की पाठवते.

किल्ली देऊन आले. दोन मिनिटांत परतायचं म्हणून रिक्षा थांबवून ठेवली होती. शेवटी रिक्षावाल्याला जायला सांगावं लागलं, कारण हेडबाईंनी माझ्या हातात फडकं दिलं होतं. हेडबाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. डब्यातल्या पितळी कड्या, बिजागऱ्या, खिडक्यांच्या खिट्ट्या हे त्यांचं खातं. त्या म्हणाल्या, "आलाच आहात तर एवढी कडी पुसून द्या." ती चकचकीत झाल्यावर म्हणाल्या, "आता तिच्या शेजारची मळकी दिसते." असं करत त्यांनी मला डब्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. मुली त्यांना का घाबरत असतील ते समजलं.

बाकी दोघांची ओळख करून देते, कारण यांच्या बोलण्यात ती माणसं यायची आणि मी अर्धं ऐकायचे. डॉक्टर दातांचे. आता ते चाकं आणि स्प्रिंगा बघतात. गंजलेला बोल्ट काढताना अजून "थोडं दुखेल" म्हणतात. जजसाहेब खरोखरचे जज होते. सुतारकाम त्यांच्याकडे. एखादी फळी ठेवायची की बदलायची यावर ते दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि निकाल राखून ठेवतात. दाराची एक चौकट मागच्या वर्षापासून निकालाची वाट बघत उभी आहे.

हे गादीकाम करायचे, आणि छपराचं. आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त केले, मग गादी शिवायला कुठे शिकले कोण जाणे. घरी उशीचा अभ्रा फाटला तर मला हाक मारायचे. यांचा अॅप्रन खुंटीवर आहे. कोणी काढला नाही. मीही काढला नाही.

तुम्हाला आठवतं का, बाबांची खुर्ची उचलायला दोन माणसं लागायची? सहज विचारलं.

तुमची भावजय


९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "दोन माणसं लागायची म्हणजे काय? आता किती लागतात?" असं तुम्ही विचारलं आहे.

आता एकच लागतं. मी सुद्धा पुरते.

सामान नेणारा माणूस आला होता त्या दिवशी कळलं. त्याने दोन्ही हात लावून जोर केला आणि खुर्ची वर घेऊन मागे कोलमडला. उठून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच त्याला फसवलं आहे. तो गेल्यावर मी खुर्ची उलटी केली. खालून गोणपाट नवीन, आणि टाके यांचे. बारीक, एका अंतराचे, कागदावर अक्षरं उठावीत तसे. उसवून पाहिलं तर आत वर्तमानपत्रांचे बोळे. गादीत भरलेले घोड्याचे केस, स्प्रिंगा, पट्ट्या, काही नाही. चौकट आणि वरचं कापड तेवढं बाबांचं आहे. बसलं की कुरकुरतं.

हेडबाईंना विचारलं. मी सरळ विचारलं नाही, मी विचारलं की या डब्यातल्या गाद्या कशाच्या. त्यांनी मला तास घेतल्यासारखं सांगितलं. हा डबा बांधला तेव्हा बाकांच्या गाद्यांत घोड्याचे केस भरायचे. आता ते कुठे मिळत नाहीत. फोम भरा म्हणून डॉक्टर म्हणाले होते, त्यावर जजसाहेबांनी जागच्या जागी निकाल दिला. एवढा एकच निकाल त्यांनी राखून ठेवला नाही. "फोम या डब्यात चढणार नाही. अपील नाही." मग एका बंद पडलेल्या नाटकगृहाच्या खुर्च्या मिळाल्या, त्यांतून सगळे बाक भरले. खिडकीजवळचा शेवटचा एक तेवढा राहिला. त्याच्यावाचून वर्षभर काम अडलं. आणि मग एका सकाळी तुमचा भाऊ खांद्यावर पोतं घेऊन आला आणि म्हणाला, "घरचेच आहेत."

"आम्हाला वाटलं तुम्हीच दिलेत," हेडबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो, घरचेच आहेत."

दुसरं काय म्हणणार होते? माझ्यापाशी हे एका शब्दाने बोलले नव्हते. दुसरे केस मिळाले की खुर्ची भरून तुमच्याकडे आणून द्यायची, असा यांचा बेत असणार. निदान मी तसं धरून चालले आहे. तीन वर्षं तुम्ही फोनवर खुर्ची मागत होतात आणि हे "आणतो, आणतो" म्हणत होते, ते यामुळे. तुम्हाला वाटलं असेल की खुर्ची मला सोडवत नाही. मलाही वाटलं होतं की यांना सोडवत नाही.

हेडबाईंना मी नंतर सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाल्या की ज्याची वस्तू त्याला गेली पाहिजे. तुम्ही म्हणालात तर बाक उसवून सगळे केस परत द्यायला त्या तयार आहेत. फक्त एक म्हणाल्या. त्या केसांत एक घट्ट गोळा आहे, तो त्या पिंजायला बसल्या तर यांनी हातातून काढून घेतला आणि होता तसा गादीत घातला, डाव्या बाजूला. "काम इतकं नेटकं, आणि त्यात मुद्दाम खोड ठेवली. कारण विचारलं तर हसले." मला त्याचं कारण माहीत नाही.

तुम्ही म्हणाल तसं करू.

तुमची भावजय


२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं उत्तर आलं नाही. त्याची घाई करत नाही. बाक तसाच ठेवला आहे. त्यावर कोणी बसू नये म्हणून हेडबाईंनी दोरी बांधली आहे. परवा जजसाहेब दमून टेकणार होते, त्यांना दोरीकडे बोट दाखवून उभं केलं. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे," असं त्यांनाच सांगितलं.

आज मी वेगळ्या कामासाठी लिहिते आहे. विचारायला संकोच वाटतो, म्हणून आधी सगळं सांगते.

दाराची ती एक चौकट सोडली तर डबा पूर्ण झाला आहे. येत्या महिन्यात तो लोकांना बघायला खुला करायचा, म्हणून शेडमधून बाहेरच्या रुळावर न्यायचा होता. सगळ्यांनी मिळून ढकलला. शेडच्या दारावर जाड लोखंडी तुळई आहे. डबा तिथवर आला आणि डॉक्टर "थांबा, थांबा" करत हात हलवू लागले. डब्याच्या छपरावर हवा खेळण्यासाठी पत्र्याच्या टोप्या आहेत. त्या तुळईपेक्षा दोन बोटं उंच निघाल्या.

या टोप्या यांनी केलेल्या. पत्रा ठोकून, एकेक. शेवटची बसवली आणि त्यानंतर हे शेडमध्ये गेले नाहीत.

चूक कशी झाली ते भिंतीवर खडूने लिहिलेलं आहे. जुन्या स्प्रिंगा दबून सपाट झाल्या होत्या. डॉक्टरांनी नव्या घातल्या तेव्हा डबा वर उचलला गेला. त्यांनी तेव्हा माप घेतलं, डबा दारातून जात होता, कारण टोप्या अजून व्हायच्या होत्या. यांनी टोप्यांचं माप घेतलं तेव्हा डबा जुन्या स्प्रिंगांवर होता. तेव्हाही जात होता. दोन्ही मापं भिंतीवर शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. बेरीज कोणी केली नाही. हे असते तर डॉक्टरांशी जुंपली असती. आता डॉक्टर एकटेच भांडत होते. आधी स्वतःची बाजू मांडायचे, मग "पण तो म्हणाला असता" म्हणून यांची. मला वाटतं, यांच्या बाजूने ते जास्त चांगलं भांडले.

तेवढ्यात संग्रहालयाचे व्यवस्थापक आले. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "टोप्या कापून टाका. वर कोण बघतंय?" टोप्या रिवेट मारून वरून रंगवल्या आहेत, कापल्याशिवाय निघत नाहीत. तुळईला हात लावता येत नाही, कारण शेड डब्याहूनही जुनी आहे आणि तिची वीटसुद्धा हलवायला बंदी आहे.

मी म्हटलं, "नाही."

सगळे वळून बघायला लागले. तिथे जायला लागल्यापासून मी चहाला "हो" म्हणण्यापलीकडे काही बोलले नव्हते. मग मी सरळ डब्याच्या पायरीवर बसले. डॉक्टर खाली वाकून चाकापाशी बघत होते. ते ओरडले, "वहिनी, उठा." मी उठले. "बसा." बसले. "परत उठा." असं चार-पाच वेळा झालं. मग ते बाहेर येऊन म्हणाले की स्प्रिंग दबते, डबा खाली येतो, फक्त वजन पाहिजे. मी शेचाळीस किलोची, माझ्याने काही दबलं असेल असं मला वाटत नाही. पण डॉक्टरांना दिसलं.

वाळूची पोती ठेवू म्हणून कोणी सुचवलं. हेडबाई म्हणाल्या, "नव्या गाद्यांवर वाळू? वाळू सांडते. माणसं सांडत नाहीत." मग होते नव्हते तेवढे सगळे आत जाऊन बसले. व्यवस्थापकही बसले. हेडबाईंनी हजेरी घेतली. डबा दोन बोटांवरून एका बोटावर आला. सगळे खूश होऊन बसून राहिले. थोड्या वेळाने जजसाहेबांनी विचारलं, "पण ढकलणार कोण?" बाहेर कोणीच उरलं नव्हतं.

तेव्हा असं ठरलं की प्रत्येकाने आपापली घरची माणसं आणायची. मार्चअखेरच्या रविवारी एकदा प्रयत्न करायचा. नाही जमलं तर सोमवारी टोप्या कापायच्या, हे व्यवस्थापकांनी लिहून घेतलं आहे. जजसाहेबांचं कुटुंब मोठं आहे. डॉक्टर जुने पेशंट घेऊन येणार आहेत. हेडबाईंच्या माजी विद्यार्थिनी येतील, त्यांना नाही म्हणायची सोय नाही.

माझ्याकडची माणसं म्हणजे तुम्ही.

हेडबाई प्रत्येकाकडून घरच्या माणसांच्या वजनाचा आकडा मागत आहेत. म्हणून विचारते, राग मानू नका. तुमचं वजन साधारण किती असेल? मी तुम्हाला शेवटचं वरच्या खिडकीतून पाहिलं, आणि वरून अंदाज येत नाही.

तुमची भावजय


११ मार्च

वन्सं,

कार्ड मिळालं. "बायकांना वजन विचारायची ही कुठली पद्धत? मी येते आहे. वजन घालायला नाही. माझ्या बापाच्या खुर्चीचं काय केलंत ते डोळ्यांनी बघायला."

बरं.

आकडा कळवता येत नाही, असं मी हेडबाईंना सांगितलं. त्यांनी अंदाजाने काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते विचारू नका.

मी स्टँडवर येते. टाचांच्या चपला घालू नका, डब्याची जमीन नुकतीच पॉलिश केली आहे. घरी उतरायचं नसेल तर जवळ लॉज आहे, चौकशी केली आहे. पलंगावर धुतलेली चादरही घालून ठेवली आहे. जे सोयीचं पडेल ते.

तुमची भावजय


२ एप्रिल

वन्सं,

सुखरूप पोचल्याचा फोन शेजारच्यांकडे आला, तो त्यांनी सांगितला. पुढच्या वेळी माझ्याच नंबरावर केलात तरी चालेल.

तुम्ही आत होतात आणि मी बाहेर शिडीवर होते, त्यामुळे मला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नाही. ते कळवते.

वजनाच्या हिशेबात मला कोणी धरलंच नाही. डॉक्टरांनी शिडी दाखवली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही टोप्यांकडे बघा. फट दिसली की सांगा." तुम्ही तेव्हा रुळाच्या पलीकडे पर्स छातीशी धरून उभ्या होतात. "मी बघायला आले आहे," असं तुम्ही तीनदा म्हणालात, आणि तिसऱ्यांदा म्हणालात तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं. जजसाहेबांच्या तीन पिढ्या आत गेल्या. पेशंट गेले. विद्यार्थिनी उंचीप्रमाणे रांगेने गेल्या. डबा खाली खाली येत होता, आणि टोपी तुळईला नखभर टेकून थांबली. फट नाही. ढकलणाऱ्यांतून आणखी कोणाला आत घ्यावं तर डबा हलणार नाही.

सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली आणि तुमच्याकडे बघायला लागली. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी टोपीकडेच बघत राहिले. तिच्या कडेला यांच्या हातोडीचे ठोके दिसतात, रंगाखालून. तेवढ्या जवळून मी ते पहिल्यांदा पाहिले.

मग तुमचा आवाज ऐकू आला, "असे काय बघता सगळे? पायरी उंच आहे. कोणी हात देणार आहे की नाही?"

आतमध्ये हेडबाईंनी बाकाची दोरी सोडली, हे मला नंतर कळलं. शिडीवरून एवढंच दिसलं की टोपी तुळईखाली सरकली. फट आहे की भास, याची खात्री होईना. घालून बघायला काही नव्हतं. माझ्या पर्समध्ये तुमचं कार्ड होतं, वजनाच्या पद्धतीबद्दलचं. ते घालून पाहिलं. कुठे न अडकता आरपार गेलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "जातंय."

डबा हलला. प्रत्येक टोपी आली की मी कार्ड घालायचे आणि "जातंय" म्हणायचे. माझा आवाज इतक्या लांब जातो हे मलाही माहीत नव्हतं. ढकलणाऱ्यांचा श्वास आणि माझं "जातंय", एवढंच ऐकू येत होतं. चौथ्या टोपीला तुमचा आवाज आला. तुम्ही कोणाशी बोलत नव्हतात.

"हा गोळा. हा तोच आहे."

मग जजसाहेबांचा आवाज. "बाई, आपला निर्णय असेल तर बाक आजच उसवून—"

"हात लावायचा नाही. लहानपणी आम्ही दोघं त्या एका खुर्चीत बसायचो. डावीकडे गोळा टोचायचा. गोळ्यावर कोण बसणार म्हणून रोज मारामारी. मी मोठी, म्हणून मी उजवीकडे. तो आयुष्यभर गोळ्यावर बसला."

पुढच्या टोपीला मी "जातंय" म्हणायला उशीर केला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मी कार्ड पुन्हा एकदा घातलं आणि म्हटलं, "जातंय."

शेवटची टोपी बाहेर पडली तसे सगळे टाळ्या वाजवत उड्या मारत उतरले, आणि डबा हलका होऊन एकदम वर आला. व्यवस्थापक म्हणाले, "टोप्या छान दिसतात हो." तुम्ही उतरला नाहीत. मी आत आले तेव्हा तुम्ही डाव्या बाजूला सरकून बसला होतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी समोरच्या बाकावर बसले. आपण तिथेच बसून राहिलो आणि चहा दोनदा झाला.

लॉजची खोली रद्द केल्याचे त्यांनी काही पैसे घेतले नाहीत.

आता मूळ विषय. खुर्ची अजून गॅलरीतच आहे. तुम्ही जाताना ती न्यायची राहिली. मी आठवण केली नाही. डॉक्टर म्हणतात केस मिळाले की भरू, जजसाहेब म्हणतात चौकटीचं आधी बघावं लागेल, म्हणजे ते काही लवकर होत नाही. घाईने पाठवण्यात अर्थ नाही असं मला वाटतं.

दुसरं असं की डबा बाहेर कायमचा ठेवता येणार नाही. उन्हाने रंग उडतो. या महिन्याच्या शेवटी तो परत शेडमध्ये न्यायचा आहे. ही गोष्ट आधी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. शेड तीच, तुळई तीच आणि टोप्याही त्याच. व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. पुढच्या वर्षी डबा पुन्हा बाहेर काढायचा, मग पुन्हा आत. डॉक्टर म्हणाले, हे आता असंच चालू राहणार.

हेडबाईंनी मागच्या वेळचेच आकडे कायम ठेवले आहेत. तुमच्यात काही फरक पडला असेल तर कळवायची गरज नाही. तेवढाच ठेवा म्हणजे झालं.

येण्याची तारीख कळवलीत तर बरं, नाही कळवलीत तरी चालेल. स्वयंपाक दोघांचाच होतो.

तुमची भावजय